आपल्या डोंगराखाली कोळसा नाही, तरी ही गोष्ट आपलीच आहे



माघी पुनवेला कचारगडाच्या यात्रेत आपण सगळे भेटलो. दरवर्षीप्रमाणे छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून सगे आले होते. धनेगावच्या पायथ्याशी रात्री शेकोटीजवळ बोलणे निघाले ते सरगुजा जिल्ह्यातल्या घाटबर्रा गावाचे. या गावाला २०१३ मध्ये सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला होता. तो पट्टा ८ जानेवारी २०१६ ला सरकारने रद्द केला. कारण काय दिले? तर गावकरी त्या पट्ट्याच्या जोरावर कोळसा खाणीचे काम अडवतात!

ऐकून सगळेच गप्प झाले. मग आपल्यातलाच एक सगा म्हणाला, "लय वाईट झालं बाप्पा. पण आपल्या डोंगराखाली कोळसा कुठं आहे? आपल्याले काय फरक पडते?"

त्याचे पहिले वाक्य खरे आहे. सालेकसा, देवरी, चिचगडचे आपले डोंगर फार जुन्या दगडाचे आहेत, त्यात कोळशाचे थर नाहीत. पण दुसऱ्या वाक्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख लिहायला बसलो. यात्रेत जे बोलायचे राहून गेले ते इथे सांगतो. गावात वाचून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवा.

नाव आपले, माल दुसऱ्याचा

शाळेत पोरे भूगोलात 'गोंडवाना' हा शब्द शिकतात. मास्तर सांगतात की भारतातला जवळजवळ सगळा कोळसा 'गोंडवाना खडकात' सापडतो. १८७० च्या दशकात इंग्रजांच्या भूगर्भ खात्यातल्या साहेबांनी हे नाव दिले, कारण हे खडक त्यांना आपल्या मुलखात, गोंडांच्या राज्यात सापडले. पुढे युरोपातल्या एका पंडिताने भारत, आफ्रिका आणि दक्षिणेकडची बाकीची भूमी मिळून पूर्वी एकच मोठा खंड होता असे मांडले, त्यालाही हेच नाव दिले. आज जगभरच्या पुस्तकात आपले नाव आहे.

आणि आपल्या तालुक्याच्या कागदात आपले नाव काय आहे? 'अतिक्रमणदार'!

हे कसे झाले ते नीट पाहू. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना चांद्याला फाशी दिले. त्यानंतर सात वर्षांनी, १८६५ मध्ये, इंग्रजांचा पहिला जंगल कायदा आला. १८७१ मध्ये वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली. १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक जंगल कायदा आला. आधी राज्य गेले, मग जंगल गेले, आणि त्याच सुमारास जमिनीच्या पोटातला माल निघू लागला. वीस वर्षांत हे सगळे आटोपले. खाणीला जंगल लागतेच. जमिनीखाली छत कोसळू नये म्हणून लाकडी टेकू लागतात, रेल्वेला स्लीपर लागतात. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी कोळशाचा खडा हातात घेतला नसेल, तरी कोळशाने त्यांचे जंगल घेतले होते.

वरोऱ्याची खाण किती वर्षे चालली? सुमारे पस्तीस. १९०६ मध्ये ती बंद पडली. साहेबांनी सामान उचलले आणि काम बल्लारपूर, घुग्गुस, राजूरकडे सरकले. एका माणसाच्या आयुष्यात खाण आली आणि गेली. गेलेली जमीन मात्र परत शेत झाली नाही.

देवाने न केलेले डोंगर

१९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात घेतल्या. १९७५ मध्ये कोल इंडिया झाली आणि आपल्या भागासाठी नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आले. हे वाईटच झाले असे आम्ही म्हणणार नाही. खाजगी मालकाच्या काळात खाणकामगाराचे जे हाल होते ते कमी झाले. पगार, पेन्शन, दवाखाना मिळाला. युनियनने लढून मिळवले, त्याला आमचा सलाम आहे.

पण त्याच काळात खाणीची रीत बदलली. पूर्वी बोगदा खणून खाली उतरत. आता वरून सगळी जमीनच उघडतात. तिला खुली खाण म्हणतात. आधी झाडे जातात, मग माती जाते, मग दगड सुरुंगाने फोडतात आणि खालचा कोळसा मशीनने उचलतात. भूमिगत खाणीला माणसे लागत होती, खुल्या खाणीला डंपर आणि शॉवेल लागतात. कोळसा वाढला, नोकऱ्या त्या मानाने वाढल्या नाहीत.

ज्यांनी चंद्रपूर पाहिले नाही त्यांनी एकदा पाहून यावे. दुर्गापूर, पद्मापूर, सास्तीकडे जा. आपल्याकडे डोंगर आहेत ते देवाने केलेले. त्यावर मोहफूल आहे, तेंदू आहे, चार आहे, पेन आहे. तिकडे सपाट मुलखात डोंगर दिसतात, ते खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे. त्यावर काही उगवले तर बाभूळ. पावसाळ्यात तीच माती वाहून नाल्यात आणि शेतात येते. सुरुंगाने घरांना तडे जातात, विहिरी खाली जातात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथ्या नंबरवर होते. ही गोंडराजांची राजधानी!

१९५७ चा कायदा

सगाजनहो, हा भाग जरा कंटाळवाणा वाटेल, पण सगळी गोम इथेच आहे.

धरणासाठी, रस्त्यासाठी जमीन घेतात तो भूसंपादन कायदा आपल्याला माहीत आहे. कोळशासाठी वेगळा कायदा आहे. तो १९५७ चा, कोळसाधारी क्षेत्र संपादन कायदा. त्याची चाल अशी: सरकार आधी सूचना काढते की इथे कोळसा शोधणार आहोत. मग दुसरी सूचना निघते की जमीन घेण्याचा विचार आहे, हरकत असेल तर तीस दिवसांत सांगा. मग तिसरी सूचना निघते आणि जमीन केंद्र सरकारची होते, सगळ्या बोजांतून मोकळी. 'बोजा' म्हणजे कोण? आपण! आपला निस्तार, आपली गुरे चारण्याची वाट, आपले पेनठाणे, सगळे त्या एका शब्दात बसते.

या सूचना राजपत्रात छापतात. ते राजपत्र आपल्या टोल्यावर किती लोकांनी पाहिले आहे? या कायद्यात ग्रामसभेची संमती नाही. २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा आला, त्यात आदिवासी अनुसूचित क्षेत्रासाठी ग्रामसभेच्या संमतीची गोष्ट आली. आपण आनंद केला. पण त्याच कायद्याच्या शेवटी, चौथ्या अनुसूचीत, काही कायद्यांची नावे बाजूला काढून ठेवली आहेत आणि त्यात १९५७ चा कोळशाचा कायदा आहे. मोबदल्याचे नियम आता त्यालाही लागू केले आहेत. संमतीचा मुद्दा आणला नाही. म्हणजे पैसे जरा जास्त मिळतील, 'नाही' म्हणायचा हक्क मिळणार नाही.

लोहारा वाचले, कोणी वाचवले?

आता आपल्या जिल्ह्यात या. दरेकशाच्या बोगद्यातून दिवसरात्र मालगाड्या निघतात. सालेकसा, आमगाव, गोंदिया. कोरबाकडून भरून येतात, रिकाम्या परत जातात. आपली पोरे डबे मोजत बसतात. कोरब्याच्या त्या खाणींच्या जागीही एकेकाळी आपल्यासारखीच गावे होती.

तिरोड्याला अदानी पॉवरचा ३३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. पाणी वैनगंगेचे. वीज इथून कोराडी, अकोला करत औरंगाबादकडे ७६५ केव्हीच्या तारांनी जाते. या प्रकल्पासाठी आधी कोळसा कुठून यायचा होता माहीत आहे? चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाराच्या जंगलातून. २००७ मध्ये लोहाराचे कोळसा क्षेत्र त्यासाठी दिले गेले होते. हे जंगल ताडोब्याला लागून. चंद्रपूरच्या लोकांनी आंदोलन केले, उपोषणे झाली, आणि २०१० च्या सुरुवातीला केंद्राच्या पर्यावरण खात्याने लोहाराची प्रक्रिया थांबवली. जंगल वाचले. आंदोलन करणाऱ्या सगळ्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो.

पण एक गोष्ट मनाला लागते. कागदावर लोहारा वाचले ते वाघामुळे. ताडोब्याचा वाघ तिथून ये-जा करतो, हे कारण धरले गेले. तिथल्या माणसांच्या वनहक्काचे कारण मुख्य झाले नाही. वाघ वाचला याचा आनंद आहे, वाघ आपलाही देव आहे. पण वाघाच्या भरवशावर माणसाने राहू नये. आपल्याकडे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघ एका ठिकाणी खाण अडवतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्याच नावाने आपल्याला जंगलातून बाहेर व्हा म्हणतात. दोन्हीकडे एक प्रश्न कोणी विचारत नाही: या जंगलावर ग्रामसभेचा हक्क नोंदला आहे का?

गाव गेले, नाव राहिले

परत घाटबर्राकडे येतो. हसदेव नदीच्या वरच्या भागात हसदेव अरण्य म्हणून मोठे सालाचे जंगल आहे. गोंड, उरांव, कंवर राहतात. तिथे 'परसा ईस्ट केंते बासन' नावाची खाण २०१३ मध्ये सुरू झाली. मालकी राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीची, खणण्याचे काम अदानीकडे. खाणीच्या नावातले केंते हे एक गाव होते. गाव खाणीत गेले, नाव खाणीच्या पाटीवर राहिले. 'गोंडवाना'सारखेच!

या खाणीला जंगल देऊ नये असे केंद्राच्या वन सल्लागार समितीने सांगितले होते. २०११ मध्ये मंत्र्यांनी तो सल्ला बाजूला ठेवला. २०१४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने मंजुरी रद्द केली, पण सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे काम सुरू राहिले. त्या भागातल्या वीसेक ग्रामसभांनी ठराव केले की आमच्या भागात कोळसा क्षेत्रे देऊ नका. आणि २०१६ मध्ये घाटबर्राचा पट्टाच रद्द झाला.

२००६ चा वनहक्क कायदा उघडून पहा. पट्टा कसा द्यायचा ते लिहिले आहे. दिलेला पट्टा रद्द कसा करायचा याचे एकही कलम नाही. तरी केला! मग पट्ट्याला अर्थ काय, असे यात्रेत दोघातिघांनी विचारले. आमचे मत उलटे आहे. पट्ट्यात दम नसता तर तो रद्द करायची गरज कोणाला पडली असती? पट्टा नुसता पेटीत पडून राहिला असता तर कोणी हात लावला नसता. गावाने तो वापरला, त्याच्या जोरावर काम अडवले, म्हणून तो डोळ्यात खुपला.

नोकरीचे काय?

आपली तरुण पोरे विचारतात, खाण आली तर नोकरी तर मिळेल? घरी एक एकर धान, पाऊस नाही आला तर नागपूर-हैदराबादला मजुरी. हा प्रश्न उडवून लावू नये. आम्ही हिशेबानेच उत्तर देतो.

कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात साधारण दर दोन एकरामागे एक नोकरी आहे. समजा तुमच्या घरी सातबाऱ्यावर एक एकर आहे आणि आजोबापासून वाहत आलेली तीन एकर जंगल जमीन आहे, पण तिचा पट्टा झालेला नाही. तर हिशेबात एकच एकर येतो. नोकरी बसत नाही. लहान खातेदारांनी जमीन जोडून नोकरी घेण्याची सोय आहे, म्हणजे दोन घरची जमीन जाईल आणि एका घरी पगार येईल. दोन भावांत भांडण लागेल ते वेगळे. ज्याच्याकडे सातबारा नाही त्या ढिवराला, गोवाऱ्याला, मजुराला या हिशेबात जागाच नाही. मोह-तेंदूतून बायांच्या हाती जे चार पैसे येतात ते कोणत्याही रजिस्टरात नाहीत, म्हणून त्याची भरपाईही नाही.

तेव्हा नोकरी हवी असणाऱ्यानेही आधी पट्टा मागावा. पट्ट्याशिवाय खाणीला 'नाही' म्हणता येत नाही, आणि 'हो' म्हटले तरी हाती काही येत नाही.

आपली बाजू किती कच्ची आहे

सरगुजा पाचव्या अनुसूचीत आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. तरी असे झाले. शेजारच्या गडचिरोलीचा बराच भाग अनुसूचित आहे. आपला गोंदिया जिल्हा? पाचव्या अनुसूचीत नाही! देवरीला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, म्हणून पुष्कळांना वाटते की आपणही अनुसूचित क्षेत्रात आहोत. तसे नाही. पेसा आपल्याला लागू नाही. आपल्या हाती एकच कायदा आहे, २००६ चा वनहक्क. त्याच्या आधाराने ३ ऑगस्ट २००९ चे केंद्राचे परिपत्रक निघाले होते, की वनहक्काचे काम पूर्ण झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय जंगल दुसऱ्या कामाला देऊ नये. आणि १८ एप्रिल २०१३ चा नियमगिरीचा निकाल आहे. ओडिशाच्या त्या डोंगरावर बॉक्साईट होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोंगराशी लोकांचे देवाधर्माचे नाते काय ते ग्रामसभा ठरवेल. बारा गावांत सभा झाल्या, बाराही गावांनी 'नाही' म्हटले, आणि डोंगर वाचला. कचारगड ज्यांचा आहे त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

कोळसा नाही म्हणून आपल्याकडे कोणी येणार नाही असे समजू नका. दगड आहे, मुरूम आहे, लोखंडाच्या शोधात माणसे फिरतात, तारा ओढायच्या आहेत, राख टाकायला जागा लागते. कोळशाच्या दीडशे वर्षांच्या गोष्टीतून आपल्याला एवढेच शिकायचे आहे: घेणारा येतो तेव्हा कागद तयार करूनच येतो. आपण मात्र तो आल्यावर कागद शोधायला लागतो.

पुनवेपर्यंत करायची कामे

१. ज्या गावाने सामूहिक दावा केला नाही त्याने पुढच्या पुनवेच्या आत टोल्याची ग्रामसभा बोलवावी, वनहक्क समितीचे रजिस्टर उघडावे. नमुना 'ब' आणि 'क' दोन्ही भरावे. वैयक्तिक पट्टा मिळाला म्हणून गप्प बसू नये.

२. निस्तार पत्रकाची नक्कल काढावी. मालगुजारी गेली तेव्हापासून आपले लाकूड, चराई, मार्गाचे हक्क त्यात लिहिलेले आहेत. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावेत, कायद्यात तो पुरावा धरतात. दर पावसाळ्यात एकदोन म्हातारी माणसे जातात. उद्यावर टाकू नये.

३. पेनठाणी, देवराई, पाणवठे, मोहाची मोठी झाडे, मुर्दा पुरायची जागा नकाशावर दाखवावी. एका कार्यालयातून आपल्या भागातल्या एका गावाचा दावा तीन वेळा परत आला, दर वेळी नवे कारण. शेवटी बायांनी स्वतः चालत हद्द दाखवून नकाशा केला, तेव्हा घेतला.

४. ठरावाचे रजिस्टर ग्रामसभेकडेच ठेवावे. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. सिंगरौलीच्या महान जंगलात २०१३ च्या सभेच्या ठरावावर मेलेल्या माणसांच्या सह्या निघाल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली होती. शेवटी त्यांचे जंगल कोळशाच्या लिलावातून वगळले गेले. सह्या तपासल्या म्हणून ते उघडकीला आले.

५. ज्यांना पट्टा मिळाला आहे त्यांनी जंगल व्यवस्थापन समिती नेमावी, वणवा राखावा, तेंदू-बांबूचा हिशेब फलकावर लिहावा. वापरातला हक्क काढून घेणे जड जाते.

६. प्रत्येक ग्रामसभेने घाटबर्राच्या ग्रामसभेला पाठिंब्याचा ठराव करावा आणि त्याची एक प्रत आपल्या बुलेटिनकडे द्यावी. आम्ही सगळ्या प्रती एकत्र करून पाठवू. दूरच्या गावातून कागद आला की लढणाऱ्या माणसाला बरे वाटते.

आपल्या पुरखोतीत सांगतात की कचारगडाच्या गुहेत आपली लेकरे कोंडली होती आणि तोंडावर मोठा दगड होता. तो एकट्याने सरकला नाही. पुढच्या माघी पुनवेला भेटू तेव्हा किती गावांचा दावा दाखल झाला, एवढेच एकमेकांना विचारू. त्या शेकोटीजवळच्या सग्यालाही विचारू. त्याच्या टोल्याचा दावा अजून झालेला नाही.

सेवा जोहार!